शेजारच्या सीटला कळलेलं

मी सीट बोलतेय. मोटारीतली, ड्रायव्हरच्या शेजारची. स्टिअरिंग माझ्या वाट्याला आलं नाही, ब्रेक नाही, हॉर्नसुद्धा नाही. पण माणूस माझ्यावर बसला की त्याच्या पाठीतलं, मांड्यांतलं, दाराचं हँडल आवळून धरणाऱ्या बोटांतलं सगळं मला कळतं. तोंडानं "वा, काय मजा येतेय!" म्हणणारे किती जण आतून जीव मुठीत धरून बसलेले असतात, ते मला विचारा.

एका शनिवारी सकाळी मी अशी काही हबकले, की अजून सावरलेली नाही. चांगली जुनीजाणती सीट मी. अकरा वर्षांत कोणकोण बसून गेलं, काय काय सांडलं, किती भांडणं झाली, सगळं पचवलं. पण त्या सकाळचं पचत नाही. म्हणून सांगायला बसलेय. म्हणजे बसलेली तर मी कायमचीच आहे.

माझा जन्म कारखान्यातला. लोखंडी सांगाडा, त्यावर फोम, त्यावर करडं कापड. एका बाईनं माझी शेवटची शिवण मारली, पाठीवर थाप दिली आणि मला पुढच्या पट्ट्यावर ढकलून दिलं. आमची गाडी अगदी साधी. चार दारं, मागे डिकी, रंग असा की पार्किंगमध्ये दोनदा शोधावी लागते. ती घेतली एका डोळ्यांच्या डॉक्टरांनी. त्यांची बायको शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवते. घरात, शाळेत, शेजारीपाजारी तिला सगळे बाईच म्हणतात, तर मीही बाईच म्हणते.

पहिली सहा वर्षं माझ्यावर बाई बसल्या. मांडीवर वह्यांचा गठ्ठा, तोंडात लाल पेन. सिग्नलला गाडी थांबली की दोन गणितं तपासून व्हायची. डॉक्टर म्हणजे नाकासमोर बघून चालणारा माणूस. कधी चाळिसाच्या वर काटा गेला नाही. बाई चिडवायच्या, "अहो, मागून सायकलवाला घंटी वाजवतोय. त्याला तरी जाऊ द्या."

आणि अशा माणसानं पंचेचाळिसाव्या वर्षी एका रविवारी गाडी नेली ती थेट रेसच्या ट्रॅकवर! डिकीत नवंकोरं हेल्मेट होतं आणि बाईंना सांगितलं होतं, "गाडीचं काम करून येतो." माझे तर बोल्ट ढिले व्हायची वेळ आली. मला वाटलं, संपलं. आता ह्या वयात आपल्याला उलट्यापालट्या बघायच्या आहेत.

ट्रॅकवर गाडी पळवणारे हौशी लोक म्हणजे सगळे एकाच माळेचे मणी, असं मला तेव्हा वाटायचं. तुम्हालाही वाटत असेल. तसं मुळीच नाही. त्यात चार प्रकार आहेत, आणि प्रत्येकात माझी जागा वेगळी.

पहिला प्रकार शिकण्याच्या दिवसांचा. त्या दिवशी माझा मान सगळ्यांत मोठा, कारण शिकवणारा माझ्यावर बसतो. घड्याळ कोणी लावायचं नाही. पुढे जायचं तर फक्त दोन सरळ पट्ट्यांवर, आणि तेही पुढच्या गाडीवाल्यानं खिडकीतून हात बाहेर काढून "जा" अशी खूण केली तरच. विनाखूण पुढे गेलात की बोलावून घेतात आणि चारचौघांत कानउघाडणी होते. लग्नाच्या पंगतीतसुद्धा एवढं "तुम्ही आधी, तुम्ही आधी" चालत नसेल.

आमच्या नशिबी शिकवायला आले ते सर. सर कुठल्या शाळेत शिकवत नव्हते. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या शर्यतीच्या गाड्या दुरुस्त केल्या, थोड्या स्वतः पळवल्या, आणि म्हातारपणी शिकवायला लागले. एकटा जीव, ट्रॅकच्या मागेच दोन खोल्यांत राहणारा. सोमवार ते शुक्रवार तो माणूस काय करायचा देव जाणे. शनिवारी पहाटे मात्र इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा.

पहिल्या दिवशी सर माझ्यावर बसले, पट्टा एका हाताने, न बघता, खट्‌कन लावला. आणि मग हललेच नाहीत. डॉक्टर पहिल्या वळणाला असे गेले, की माझ्या स्प्रिंगा करकरल्या. सरांच्या पाठीचा एक स्नायू ताठ झाला नाही. शांत आवाजात म्हणाले, "डॉक्टर, वळण पळून जाणार नाही. गेल्या वर्षीही इथेच होतं."

असा माणूस माझ्यावर कधी बसला नव्हता. शिकवणाऱ्यांचे पाय खोटा ब्रेक दाबत असतात, माझ्या पुढ्यातली सतरंजी त्याने फाटते. सरांचे पाय जागच्या जागी असायचे. मी त्या दिवसापासून त्यांची भक्त झाले, खोटं कशाला बोलू?

दुसरा प्रकार मोकळ्या दिवसांचा. शिकवणारा नाही, आपापलं फिरा. खूण करून पुढे सोडायचा नियम इथेही आहे, पण त्या खुणेत "जा बाबा एकदाचा" असा वैताग असतो. घड्याळ लावायचं नाही म्हणतात आणि प्रत्येकाच्या सीटखाली मोबाइलवर ते चालू असतं. मोकळ्या दिवशी माझ्यावर कोणीही बसतं. डॉक्टरांचे मेहुणे बसले होते. गाडीत चढताना, "भाऊजी, जोरात घ्या हं!" तिसऱ्या वळणाला त्यांनी मला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि उतरल्यावर लोकांना सांगितलं, "ठीक होतं. जरा हळूच वाटलं मला."

दुसऱ्या वर्षी मला सरांच्यात एक फरक कळला. ते मान फिरवायला लागले. वळण यायच्या आधी डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, सारखी मान. माझ्या डोक्याच्या उशीवर त्यांचं हेल्मेट घासून कापड विरलं. मला चमत्कारिक वाटलं. बाकीच्यांना मात्र काय वाटलं असेल?

"सरांची मान बघितलीत? घारीसारखी फिरते! एक गोष्ट नजरेतून सुटत नाही," चहाच्या टेबलाशी एक जण म्हणाला. झालं! महिनाभरात डॉक्टरांची मान फिरायला लागली. मग बेकरीवाल्याची फिरायला लागली. हा बेकरीवाला सरांचा जुना शिष्य, आता स्वतः शिकवतो. दोन-चार महिन्यांत अर्धा ट्रॅक मान फिरवत होता. काही जणांना गाडीतून उतरल्यावर मानेला मलम चोळावं लागे. तरी "ही सरांची पद्धत" म्हणून अभिमानाने चोळायचे. मी मनात म्हटलं, असेल बाई. मोठ्या माणसांचं आपल्याला काय कळतं?

मग तिसरा प्रकार आला आणि माझ्या पायाखालचा पत्राच सरकला. घड्याळाशी स्पर्धा. तिथे गाड्या एकमेकांपासून लांब लांब सोडतात. भांडण कोणाशीच नाही, फक्त स्वतःच्या वेळेशी. ऐकायला किती सात्त्विक! पण हे सात्त्विक लोक वजनाच्या मागे लागलेले असतात. एका सकाळी डॉक्टर पाना घेऊन आले आणि माझे बोल्ट खोलायला लागले. "बावीस किलो," ते स्वतःशीच पुटपुटले. आठ वर्षं संसार वाहिला, आणि शेवटी मी कोण? बावीस किलो!

मला घराच्या गॅलरीत ठेवलं. एका बाजूला वॉशिंग मशीन, दुसऱ्या बाजूला वाळत घातलेले कपडे. संध्याकाळी बाई माझ्यावर बसून वह्या तपासायच्या, तेवढाच विरंगुळा. तिथूनच मला चौथ्या प्रकाराची बातमी लागली. शर्यत. सगळे एकदम सुटणार, दाराला दार लावून. खूण नाही, परवानगी नाही, वळणावरही घुसायचं. गाडीच्या आत लोखंडी पिंजरा, खिडकीला जाळी, शेजारी कोणीच नाही.

डॉक्टर आयुष्यात एकच शर्यत धावले. त्याची हकिगत ते गॅलरीत उभं राहून मेहुण्यांना फोनवर सांगत होते आणि मी ऐकत होते. मागून गाडी जवळ आली, आणि ह्या गृहस्थांनी सवयीने हात बाहेर काढून "जा" म्हणून खूण करायला घेतली! हात जाळीला अडकला, सोडवेपर्यंत तीन गाड्या निघून गेल्या, चौथी दाराला घासून गेली. "ते लोक रागावलेले नव्हते रे," डॉक्टर म्हणत होते, "त्यांच्यात असंच असतं. मला आपलं वाटत होतं, कोणीतरी थांबून सॉरी म्हणेल."

बाईंनी गॅलरीतून वाकून गाडीच्या दारावरचा रंग बघितला. "हा लाल रंग कोणाचा?"

"एका दंतवैद्याचा."

बाईंनी हातातली वही मिटली. "पुढच्या महिन्यात शिकण्याचा दिवस आहे ना? मी येणार. बघू तरी तुम्ही तिथे काय करता ते. आणि गाडी मी चालवणार." डॉक्टरांनी आ वासला. मलाही माझ्या कानांवर विश्वास बसेना.

असा माझा वनवास संपला. दोन वर्षांनी पिंजरा निघाला, मी आणि माझी मागची भावंडं परत गाडीत बसलो, बोल्ट कसले. बाई स्टिअरिंगवर. आणि माझ्यावर कोण, तर सर! डॉक्टरांनीच मागून घेतलं होतं. "सरांशिवाय कोणाच्या हाती देणार नाही मी तुला," असं म्हणाले होते.

सर आत बसताना त्यांचा खांदा दाराच्या चौकटीवर आपटला. बसल्यावर त्यांचा हात पट्ट्याचं टोक शोधायला लागला. माझ्या कडेवर चाचपडला, मागे गेला, पुढे आला. शेवटी त्यांनी पूर्ण वळून, मान खाली घालून बघितलं तेव्हा कुठे पट्टा लागला. हा तोच माणूस, जो न बघता खट्‌कन लावायचा! काहीतरी चुकतंय, हे मला त्याच क्षणी कळलं. पण मी सीट, ओरडणार कशी?

त्या सकाळच्या सूचना सरांनीच दिल्या होत्या. दर वेळी देतात तशाच. "गाडीत मी सांगतो ते ऐकायचं. पण कडेला झेंडा दिसला तर झेंडा माझ्यापेक्षा मोठा." पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, वेग कमी करा. बाईंनी हे वहीत लिहून घेतलं होतं. पहिलीच्या बाई त्या, त्यांना सूचना पाळायची सवय.

पाच फेऱ्या छान झाल्या. सहाव्या फेरीला उतारावरच्या वळणाकडे आम्ही निघालो. सर म्हणाले, "छान. गॅस सोडू नका. दाबा, दाबा."

बाईंनी ब्रेक मारला. असा मारला, की सर पट्ट्यात लटकले आणि मी रुळावरून निसटता निसटता राहिले.

"ब्रेक का मारलात?" सरांचा आवाज चढला. मी त्यांना पहिल्यांदाच रागावलेलं ऐकलं.

"झेंडा होता, सर."

"कुठे झेंडा?"

तेवढ्यात वळण उलगडलं. समोर एक निळी गाडी रस्त्याच्या मधोमध आडवी पडली होती, फिरून थांबलेली. आत माणूस होता. त्याने दोन्ही हात चेहऱ्यासमोर धरले होते. आमची गाडी थांबली तेव्हा मध्ये चार हातांचं अंतर होतं. बाईंनी सरांचं ऐकलं असतं तर? तो विचार अजून माझ्या फोममध्ये थंडीसारखा भरून आहे.

सरांची पाठ भिजली. शर्टातून, जाकिटातून घाम माझ्यापर्यंत आला. त्यांचं काळीज असं उडत होतं, की मला ठोके मोजता आले असते. आणि मग ते म्हणाले, "शाब्बास! मी तुमची परीक्षा बघत होतो."

खोटं! सर खोटं बोलले! निळी गाडी बघून मी जेवढी हादरले नव्हते, तेवढी ह्या एका वाक्याने हादरले.

बाईंनी सरांकडे एकदा बघितलं आणि गाडी हळूहळू आत आणली.

घरी परतताना डॉक्टर चालवत होते, बाई माझ्यावर. त्या म्हणाल्या, "सरांना झेंडा दिसला नाही."

"परीक्षा बघत होते म्हणाले ना ते?"

"अहो, माझ्या वर्गात एकाने शाई सांडली की तो पण असंच म्हणतो. बाई, मी गंमत करत होतो. मला नका सांगू."

डॉक्टर हसले. "सरांचे डोळे? अगं, दर वर्षी माझ्याच दवाखान्यात तपासून घेतात. शिकवणाऱ्यांना दाखला लागतो, तो मीच देतो. शेवटच्या ओळीपर्यंत अक्षरं वाचतात, बिनचष्म्याने."

"अक्षरं समोर असतात," बाई म्हणाल्या. "झेंडा कडेला होता."

डॉक्टरांनी गाडी रस्त्याच्या बाजूला घेतली. इंजिन बंद केलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि चेहरा असा उतरला, की कोणी गेल्याची बातमी कळावी.

"कडेचं बघायचं मशीन आहे ना तुमच्याकडे? त्याच्यावर बसवलं होतंत त्यांना?"

"अर्धा तास लागतो त्याला," डॉक्टर हळूच म्हणाले. "सरांना अर्धा तास हनुवटी टेकवून बसवायचं म्हणजे... मला बरं वाटेना ते. मी म्हटलं, सर, तुमच्या नजरेला काय धाड भरलीय! आणि सही केली. तीनदा."

"आणि ती मान?"

डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. "वर्षभर माझ्या शेजारी बसून ते मान फिरवत होते. मी डोळ्यांचा डॉक्टर. मी त्यांची नक्कल करत होतो, गं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हाच. माझ्या उशीवरचं विरलेलं कापड त्या गाडीत सगळ्यांना दिसत होतं.

पुढच्या शनिवारी आम्ही तिघं लवकर पोचलो. सूचना देतात ती शेड तीन बाजूंनी उघडी आहे. डॉक्टरांनी गाडी तिच्या कडेलाच लावली. बाई उतरून शेडमध्ये बाकावर जाऊन बसल्या. डॉक्टरांनी सरांना गाडीत बोलावलं. सर पुन्हा चाचपडत माझ्यावर बसले.

"सर, माझ्या नाकाकडे बघा. मान हलवायची नाही. माझं बोट कडेने आत येईल. दिसलं की सांगा."

"हे काय पोरखेळ आहेत, डॉक्टर?"

"बघा ना, सर. माझ्यासाठी."

सर बसले. पूर्वीसारखे, अजिबात न हलता. डॉक्टरांचं बोट आरशापाशी आलं. सर गप्प. बोट काचेच्या मधोमध आलं. सर गप्प. मला वाटत होतं, बोला सर, आता तरी बोला! बोट डॉक्टरांच्या स्वतःच्या गालाला लागायला आलं, तेव्हा सर म्हणाले, "हां. आता."

दुसऱ्या बाजूनेही तेच. डॉक्टरांनी हात खाली घेतला.

"काचबिंदू आहे, सर. समोरचं शाबूत आहे, कडा गेल्यात. गेलंय ते परत येणार नाही. औषधाने उरलेलं टिकेल. हे मला तीन वर्षांपूर्वी कळायला हवं होतं. चूक माझी आहे."

सरांनी काचेतून समोर बघितलं. "मला वाटलं, वय झालं," ते म्हणाले. "मान फिरवली की दिसायचं, म्हणून फिरवत राहिलो. मग तुम्ही सगळेच फिरवायला लागलात. मी म्हटलं, बरंच आहे की, शोभून जातंय." त्यांना हसू आलं आणि ते अर्ध्यात थांबलं. "डॉक्टर, हा मोसम पुरा करू द्या. आठच शनिवार उरलेत. मी कडक वळणांना स्वतः वेग कमी करायला लावीन. ह्या शनिवारांशिवाय माझ्याकडे काय आहे?"

माझा जीव तुटला. खरंच सांगते, त्या क्षणी मला वाटलं, होऊ दे ना आठ शनिवार. कोणाला कळणार आहे? झाकली मूठ सव्वा लाखाची.

डॉक्टर म्हणाले, "गेल्या शनिवारी माझी बायको होती, सर."

त्यावर सरांच्या पाठीतली सगळी ताकद गेल्यासारखी झाली. एवढे जड ते माझ्यावर कधीच बसले नव्हते. मग त्यांनी शर्टाची कॉलर नीट केली. "आजच्या सूचना मी देतो," म्हणाले. "नंतरचं मी बघतो."

शेडमध्ये पन्नासेक माणसं होती. मधल्या बाकांवर नवे शिकाऊ, मांडीवर हेल्मेटं घेऊन. दोन्ही बाजूंना भिंतीसारखे उभे शिकवणारे, बेकरीवाला, दंतवैद्य आणि बाकीचे, सगळे सरांनीच तयार केलेले. आमच्या गाडीची दारं उघडी होती, मला सगळं दिसत होतं.

"एक जास्तीची सूचना आहे," सर म्हणाले. "ती मान फिरवायची पद्धत आजपासून बंद. ती पद्धत नव्हती. मला कडेचं दिसत नाही. गेली तीन वर्षं. आज डॉक्टरांनी सांगितलं, पण मला माहीत होतं. मी ह्यापुढे कोणाच्या गाडीत बसणार नाही."

सर समोर बघत उभे होते. त्यांनी मान हलवली नाही. कदाचित आता लपवायचं काही उरलं नाही म्हणून असेल.

"एकच विचारतो. तुमच्यापैकी कोणाला हे कळलं होतं? खरं सांगा. हात वर करा."

आणि मी जे बघितलं, त्याने माझ्या सांगाड्यातली स्प्रिंग न्‌ स्प्रिंग थिजली. आधी बेकरीवाल्याचा हात वर आला. मग त्याच्या शेजारच्याचा. मग समोरच्या बाजूला दंतवैद्याचा, मग आणखी दोन, आणखी तीन. सूचनांचा फळा पुसणाऱ्या म्हाताऱ्याचासुद्धा! दोन्ही बाजूंना मिळून अकरा हात वर होते. शिकवणारे सगळेच्या सगळे. आणि ह्याच लोकांनी शनिवारमागून शनिवार सरांच्या शेजारी नवे शिकाऊ बसवले होते!

सर समोर बघत होते. समोर नवे शिकाऊ होते, त्यांना काय माहीत असणार? तिथे एकही हात वर नव्हता.

"कोणालाच नाही," सर म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेसारखं काहीतरी आलं. "बरं झालं. म्हणजे मी एकट्यानेच फसवलं तुम्हाला."

अकरा हात हवेत तसेच होते. बेकरीवाल्याने डोळे खाली घातले. त्याचा हात हळूहळू उतरायला लागला. मग दुसऱ्याचा. आवाज न करता सगळे हात खाली यायला लागले.

मागच्या बाकावरून बाई उभ्या राहिल्या. "हात खाली घेऊ नका," त्या वर्गात सांगतात त्याच आवाजात म्हणाल्या. "सर, एकदा मान फिरवा."

सरांनी आधी एका बाजूला बघितलं. मग सावकाश दुसऱ्या बाजूला. अर्धवट उतरलेले हात होते तिथेच थांबले होते. सरांनी एकेक हात बघितला, एकेक चेहरा बघितला. ह्यातला जवळजवळ प्रत्येक जण कधी ना कधी त्यांच्या शेजारी बसून शिकला होता.

"बोलला का नाहीत?"

बेकरीवाला म्हणाला, "तुम्हाला वाईट वाटलं असतं, सर."

सरांनी मधल्या बाकांकडे बोट केलं. हेल्मेटं मांडीवर घेऊन बसलेले ते वीस-पंचवीस नवे लोक, तोंडं उघडी टाकून एकदा ह्याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होते.

"आणि ह्यांना?"

सर शेडमधून बाहेर पडले. जाताना खांबाला धडकू नये म्हणून त्यांनी हात पुढे धरला होता, आणि धावत जाऊन तो धरला तो डॉक्टरांनी.

त्या गोष्टीला वर्ष झालं. डॉक्टरांनी स्वतःहून लेखी कळवलं, की ते दाखले चुकीचे होते. आता दर शिकवणाऱ्याची कडेची नजर मशीनवर तपासतात, अर्धा तास हनुवटी टेकवून. सर थेंब घालतात, ट्रॅकवर येत नाहीत. बाई महिन्यातून एकदा शिकायला जातात, आणि माझ्यावर बेकरीवाला बसतो. चांगला शिकवतो, चूक काढायला जागा नाही. पण त्याची पाठ माझ्यावर पूर्ण टेकत नाही. बाई शेजारी असल्या की मुळीच नाही.

मला तरी त्याला काय बोलायचा अधिकार? सरांचा हात पट्टा शोधत माझ्या अंगावरून फिरला, तेव्हा मलाही कळलं होतं. मी तेव्हाच ओरडायला हवं होतं. पण मला तोंड दिलेलं नाही. तुम्हाला आहे. शेजारच्या माणसाला दिसेनासं झालंय असं तुम्हाला कळलं, तर त्याला वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका. एवढंच माझं मागणं आहे. आता बाई किल्ली घेऊन येताहेत, मला जायला हवं.